वेग कमी आहे म्हणून मुलाला वाइड रिसिव्हर खेळण्यापासून थांबवावं का?

पत्राचा सारांश: टेक्सासमध्ये डॅलसजवळच्या एका उपनगरातून एका वडिलांनी लिहिलं आहे. ते मूळचे सांगली जिल्ह्यातले, शाळेच्या खो-खो संघात खेळलेले. मुलगा 16 वर्षांचा, अमेरिकेतच जन्मलेला, हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनियर व्हर्सिटी, म्हणजे दुय्यम संघात वाइड रिसिव्हर खेळतो. म्हणजे पुढे धावत जाऊन क्वार्टरबॅकने (चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने) फेकलेला चेंडू झेलणारा गडी. उंची 5 फूट 10 इंच. चाळीस यार्ड पळायला त्याला 4.85 सेकंद लागतात. 'साडेचारच्या आसपास आला नाहीस तर पुढे कुणी ढुंकूनही बघणार नाही,' असं एका खासगी शिबिरातल्या प्रशिक्षकाने त्याला तोंडावर सांगितलं. तेव्हापासून मुलगा घुम्यासारखा वागतो आहे. वेग वाढवण्याचा महागडा कोर्सही त्याच शिबिराने सुचवला आहे. पत्नीला डोक्याला मार लागण्याची धास्ती आहे. वडील विचारतात: अव्वल रिसिव्हर जन्मावाच लागतो का? आपल्या लोकांच्या अंगात ती ताकद असते का? आणि नसेल, तर पोराला आत्ताच थांबवून अभ्यासाला लावलेलं बरं नाही का?

नमस्कार,

तुमच्या पत्रात 4.85 हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. मुलाला कोणता रूट (ठरवून दिलेला धावण्याचा मार्ग) धावायला आवडतो, चेंडू हातात आल्यावर तो काय करतो, शाळेतले कोच त्याच्याबद्दल काय म्हणतात, यातलं मात्र काहीच पत्रात नाही. तुम्हाला दोष देत नाही. या खेळात नव्याने आलेल्या प्रत्येक पालकाचं असंच होतं, कारण समजण्यासारखी तेवढी एकच गोष्ट समोर असते. बाकीचं सगळं कोचच्या भाषेत, आणि वेग मात्र सेकंदात. म्हणून आधी त्या आकड्याबद्दलच बोलू.

'फोर्टी' म्हणजे चाळीस यार्डांची, आपल्या हिशेबाने साधारण साडेछत्तीस मीटरची धाव. दरवर्षी इंडियानापोलिसला एनएफएलचं, म्हणजे या खेळाच्या व्यावसायिक लीगचं, कम्बाइन (चाचण्यांचं शिबिर) भरतं आणि कॉलेजातले निवडक खेळाडू तिथे सगळ्या संघांसमोर ती पळतात. अंगावर चड्डी आणि बनियन. हेल्मेट नाही, पॅड नाहीत, चेंडू नाही, समोर अडवणारा नाही. बंदुकीचा बारसुद्धा नसतो. खेळाडू आपल्या सोयीने हलला की घड्याळ सुरू होतं. सरळ रेषेत एकदा पळायचं, झालं. सामन्यात रिसिव्हरच्या वाट्याला अशी धाव जवळजवळ येतच नाही.

2017 च्या कम्बाइनमध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत पळाला. तो तेव्हाचा विक्रम होता. सिनसिनाटी बेंगल्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांत, नवव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही आणि सगळी कारकीर्द मिळून झेलांतून मिळवलेलं अंतर हजार यार्डही झालं नाही. दुखापतींनी त्याला फार छळलं हेही खरं, त्याच्यावर अन्याय नको. आता त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला दुसरा मुलगा बघा. कूपर कप, वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावचा. हायस्कूल संपलं तेव्हा वरच्या फळीतल्या एकाही कॉलेजने त्याला विचारलं नव्हतं. तो ईस्टर्न वॉशिंग्टनला गेला. कम्बाइनमध्ये 4.62 पळाला आणि रॅम्स संघाने त्याला तिसऱ्या फेरीत 69 व्या क्रमांकावर घेतलं. 2021 च्या मोसमात त्याने 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाउन (चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेणं) केले. तिन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला. त्याच मोसमाच्या शेवटी सुपर बोलचा, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच.

या खेळातला सर्वांत मोठा रिसिव्हर म्हणून बहुतेक जण ज्याचं नाव घेतात तो जेरी राइस मिसिसिपीतल्या एका लहान कॉलेजातून आला. वडील गवंडी. उन्हाळ्यात भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर त्या झेलायचा. वेगाच्या बाबतीत त्याच्याबद्दल तेव्हाही लोक साशंक होते. 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नायनर्स संघाने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं, त्याच्याआधी दोन रिसिव्हर निवडले गेले होते. पहिल्याच मोसमात त्याच्या हातून इतके झेल सुटले की घरच्या प्रेक्षकांनीच हुर्यो उडवली. पुढे सगळे मिळून वीस मोसमांत 1,549 झेल आणि 22,895 यार्ड. यार्डांच्या या आकड्याच्या आसपासही आजवर कुणी गेलेलं नाही.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. वेग हे खरंखुरं शस्त्र आहे. रँडी मॉस किंवा टायरीक हिल मैदानावर उभा राहिला की समोरचा बचाव आपोआप मागे सरकतो, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत बाकीच्यांची चांदी होते. कॅल्विन जॉन्सन तर 6 फूट 5 इंच उंच असून साडेचारच्या आत पळायचा. असं शरीर घडवता येत नाही, ते घेऊनच यावं लागतं. शिवाय कपचा 4.62 'हळू' म्हणायचा तो एनएफएलच्या तुलनेत. तुमचा मुलगा आज त्याच्याही मागे आहे. पण तुमचा मुलगा 16 वर्षांचा आहे आणि कप तेव्हा विशी ओलांडलेला होता. या वयात दोन वर्षांत शरीर किती बदलेल याचा अंदाज शिबिरातल्या माणसालाही बांधता येणार नाही, मलाही नाही.

तरीही माझं मत विचाराल तर ठाम आहे. अव्वल रिसिव्हर कशाने होतो? बचाव करणाऱ्याला चुकीचा अंदाज बांधायला लावून, ठरल्या क्षणी ठरल्या जागी एकटं पोचल्याने. कोच लोक याला 'सेपरेशन' म्हणतात, म्हणजे दोघांमधलं अंतर. ते अंतर नुसत्या पळण्याने काढणारे थोडे. बहुतेक जण ते थांबण्याने, वळण्याने आणि थापा मारण्याने काढतात.

तुम्ही खो-खो खेळला आहात, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. खांबाजवळ पळतीचा गडी काय करतो? नजर एकीकडे, खांदा दुसरीकडे आणि पाय तिसरीकडेच. पाठलाग करणारा त्याच्यापेक्षा वेगवान असला तरी हुलकावणी बसली की त्याचा हात हवेत. रिसिव्हरचं निम्मं काम हेच आहे.

एकच रूट जवळून बघू. समजा 'कर्ल' आहे. बारा यार्ड सरळ धावत जायचं, तिथे थांबायचं आणि क्वार्टरबॅककडे वळायचं. ऐकायला पोरखेळ. समोर कॉर्नरबॅक (रिसिव्हरला रोखणारा बचावपटू, थोडक्यात 'कॉर्नर') सातएक यार्डांवर उभा असतो आणि चेंडू खेळात आला की तो मागे मागे सरकायला लागतो. त्याला सगळ्यांत मोठी भीती असते ती रिसिव्हर आपल्याला मागे टाकून लांब निघून जाईल याची. त्या भीतीवरच खेळायचं. पहिल्या पावलापासून असं धावायचं की हा लांबच चालला आहे असं त्याला वाटावं. छाती पुढे, हात जोरात, नजर त्याच्या मागच्या मैदानावर. दोघांमधलं अंतर संपत आलं की त्याला मागे सरकणं सोडून कंबर वळवावी लागते आणि पाठ फिरवून पळायला सुरुवात करावी लागते. तो वळला की रिसिव्हरचं काम झालं. आता कंबर खाली टाकायची, दोन-तीन आखूड पावलांत सगळा वेग मारायचा, बाहेरचा पाय रोवायचा, आधी मान फिरवायची आणि मग अंग. मान फिरते तेव्हा चेंडू हवेत असतो, कारण क्वार्टरबॅकने तो वळण्याच्या आधीच सोडलेला असतो. आणि मग उभं राहून वाट बघायची नाही. चेंडूकडे पाऊल टाकत यायचं, नाहीतर मागून झेपावणारा कॉर्नर तो हिसकावून नेतो.

आता यात बिघडतं कुठे ते ऐका, कारण हे तुम्ही स्वतः बघू शकता. मी इथल्या शाळकरी मुलांना उन्हाळ्यात हीच जागा शिकवतो. दहातल्या आठ मुलांचं एकाच ठिकाणी चुकतं. थांबायच्या एक-दोन पावलं आधी त्यांचे खांदे वर येतात आणि हातांची लय मंदावते. कॉर्नर नेमकं तेच हेरत असतो. खांदे उठले की त्याला कळतं, हा आता थांबणार. मग तुमचा मुलगा 4.4 पळणारा असो की 4.9, झेल होत नाही. मैदानाच्या कडेला, मुलाच्या बरोबर बाजूला उभे राहा, त्याचे चार-पाच कर्ल फोनवर टिपा आणि हळू करून बघा. खांदे शेवटपर्यंत खाली राहतात का? हात शेवटपर्यंत चालतात का? पायांचा रोवलेला ठसा शरीराच्या आत पडतो की बाहेर? एवढं बघितलंत तरी त्या 4.85 पेक्षा तुम्हाला जास्त कळेल.

म्हणून मला वेगाइतकाच ब्रेक महत्त्वाचा वाटतो. पूर्ण वेगातून तीन पावलांत थांबणं हे मांड्यांचं, कमरेचं आणि घोट्यांचं काम आहे, आणि ते सरावाने येतं.

पुढची गोष्ट रिलीजची, म्हणजे सुरुवातीलाच समोरच्याच्या तावडीतून सुटण्याची. एनएफएलमध्ये बचाव करणाऱ्याला पहिल्या पाच यार्डांत रिसिव्हरला हाताने अडवायची मुभा असते. कॉर्नर अगदी नाकासमोर येऊन उभा राहतो. या पहिल्या दोन पावलांत जो अडकला तो कितीही वेगवान असला तरी त्याचं वेळापत्रक कोलमडतं, आणि वेळापत्रक चुकलं की क्वार्टरबॅक दुसरीकडे बघतो. या कामात डेव्हान्टे ॲडम्ससारखा माणूस विरळा. शाळेत तो बास्केटबॉलही खेळायचा, आणि एका जागी उभं राहून नुसत्या पायांनी समोरच्याला डोलवण्याची त्याची ढब बघितली की ते लगेच लक्षात येतं. 2014 मध्ये तो दुसऱ्या फेरीत 53 वा निवडला गेला. फोर्टी 4.56.

हातांबद्दल पालकांचा समज असतो की झेल म्हणजे देणगी. थोडी असतेही. पण चेंडू छातीच्या वर आला तर अंगठे जोडून, कमरेखाली आला तर करंगळ्या जोडून, तो अंगावर न आदळू देता बोटांत घ्यायचा, आणि पळायला लागण्याआधी नजरेने काखेत पोचेपर्यंत त्याची सोबत करायची, हे शिकण्यासारखं आहे आणि विसरण्यासारखंही. डेट्रॉइट लायन्सचा आमोन-रा सेंट ब्राउन सरावानंतर चेंडू फेकणाऱ्या जग्ज मशीनसमोर 202 झेल घेतो, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. 2021 मध्ये त्याच्याआधी 16 रिसिव्हर निवडले गेले, तो चौथ्या फेरीत 112 वा. त्या सोळाही जणांची नावं त्याला पाठ आहेत. 2023 मध्ये त्याने 119 झेल आणि 1,515 यार्ड केले. तुमच्याकडे मशीन नसेल. टेनिसचा चेंडू आणि भिंत पुरते. फुटबॉल हवाच असेल तर रोज संध्याकाळी तुम्ही फेका. नीट गोल फिरत जाणारा चेंडू फेकता आला नाही तरी हरकत नाही. वेडेवाकडे आलेले चेंडू झेलायची सवय त्याच्या उपयोगीच पडेल.

आता ज्या भागात तुमच्या मुलासारखे पुष्कळ जण पुढे निघू शकतात तो भाग. डोकं. रिसिव्हर कुठल्या रूटवर धावणार हे ठरलेलं असतं, पण पुष्कळ रूट समोरचा बचाव बघून धावता धावता बदलायचे असतात. बचाव एकास एक असेल तर पळत राहायचं, माणसापासून सुटायचं. झोन असेल, म्हणजे प्रत्येक जण आपापला तुकडा राखत असेल, तर दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत जाऊन थांबायचं. मागे दोन सेफ्टी (सर्वांत मागचे बचावपटू) आहेत की एक, त्यातला एक चेंडू खेळात येताच खाली उतरतो का, मधला लाइनबॅकर (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) आपल्याकडे पाठ करून मागे जातो की तोंड करून, हे सगळं सेकंदभरात वाचायचं. आणि क्वार्टरबॅकने तेच वाचलेलं असलं पाहिजे. दोघांनी वेगळं वाचलं तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात. 2021 मध्ये कप आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड रोज भल्या सकाळी नाश्त्याला एकत्र बसून फिल्म बघायचे. त्या सुपर बोलच्या शेवटच्या चढाईत स्टॅफर्डने एक पास तिकडे न बघताच टाकला. डोळ्यांनी बचावाला दुसरीकडे खेचलं आणि चेंडू मधल्या फटीत. तिथे कप होता. तो तिथे असणार हे स्टॅफर्डला बघावं लागलं नाही.

ही गोष्ट काही नव्या जमान्याची नाही. बाल्टिमोर कोल्ट्सचा रेमंड बेरी 1954 च्या ड्राफ्टमध्ये विसाव्या फेरीत निवडला गेला होता. म्हणजे त्याच्याआधी दोनशेहून जास्त खेळाडू निवडले गेले होते. सराव संपल्यावर तो क्वार्टरबॅक जॉनी युनायटसला मैदानावर थांबवून घ्यायचा. 1958 च्या अंतिम सामन्यात, यांकी स्टेडियमवर, त्याने 12 झेल आणि 178 यार्ड केले, आणि कोल्ट्स जिंकले.

आता 'आपल्या लोकांच्या अंगात' या प्रश्नाकडे येतो. हा प्रश्न तुम्ही मुलासमोर विचारला नसेल अशी मला मनापासून आशा आहे. विचारला असेल तर तो मागे घ्या. संजय लाल हे भारतीय वंशाचे गृहस्थ एनएफएलमध्ये वर्षानुवर्षं वाइड रिसिव्हरांचे कोच राहिले आहेत. रेडर्स, जेट्स, बिल्स, काउबॉइज, सीहॉक्स अशा संघांचे रिसिव्हर त्यांनी घडवले. म्हणजे ज्या जागेबद्दल तुम्ही विचारता आहात, त्या जागेचं कसब जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना शिकवणारा माणूस आपल्याकडचाच. ब्रँडन चिल्लर लाइनबॅकर होता, पॅकर्सकडून खेळला. त्याचे वडील भारतीय. नावं थोडी आहेत, मान्य. पण आपली किती मुलं सहा-सात वर्षांची असताना हा खेळ सुरू करतात? किती जणांच्या घरी रविवारी टीव्हीवर तो चालू असतो? तुमचा मुलगा कदाचित बाकीच्यांपेक्षा पाच-सहा वर्षं उशिरा आला असेल. ती उणीव आधी मोजा, मग रक्ताकडे बघा. आणि 5 फूट 10 इंच ही उंची अँटोनियो ब्राउनला पुरली होती. तो तर सहाव्या फेरीत 195 वा निवडलेला.

तरीही 'तो अव्वल होईल का' या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. तो प्रश्न या वयाला लावणंच मला पटत नाही. अमेरिकेत हायस्कूलात दहा लाखांच्या आसपास मुलं हा खेळ खेळतात. त्यातली साधारण सात टक्के कॉलेजात कुठल्या ना कुठल्या पातळीवर खेळतात, आणि कॉलेजातून एनएफएलमध्ये पोचणारे त्यातलेही अगदी मूठभर. असं असताना 'अव्वल नाही तर बंद' हा नियम लावला तर देशातली जवळजवळ सगळी मैदानं ओस पडतील. तुम्ही खो-खो खेळलात तेव्हा कुणी तुम्हाला 'राष्ट्रीय संघात जाणार नसशील तर उद्यापासून येऊ नकोस' असं म्हटलं होतं का?

अभ्यास की खेळ, हाही मला खोटा पेच वाटतो. एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणाऱ्या संघटनेच्या) पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात खेळायचं तर हायस्कूलात 16 ठरावीक मूळ विषयांचे अभ्यासक्रम आणि त्यांत गुणांची किमान 2.3 सरासरी (जीपीए) लागतेच, म्हणजे अभ्यास सोडून कुणी तिथे पोचत नाही. आयव्ही लीगमधली कॉलेजं आणि तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, पण तिथेही उत्तम फुटबॉल खेळला जातो, आणि चांगल्या गुणांचा, बचाव वाचता येणारा रिसिव्हर तिथल्या कोचला हवाच असतो. तुमचा हिशेब शिष्यवृत्तीवर बेतलेला असेल तर तो आजच सोडून द्या. मुलाच्या खांद्यावर फीचं ओझं ठेवून त्याला रूट धावायला लावू नका.

महागड्या कोर्सचं काय? माझं उत्तर: आत्ता नको. वेग वाढतो, पण त्यासाठी शाळेच्या ट्रॅक संघासारखी दुसरी जागा नाही, आणि ती जवळजवळ फुकट आहे. वसंतात त्याला शंभर, दोनशे मीटर आणि रिले पळू द्या. टेक्सासमध्ये फुटबॉलचे कोच स्वतःच मुलांना ट्रॅकवर पाठवतात. जोडीला शाळेच्या वजनांच्या खोलीत वर्षभर इमानेइतबारे काम केलं तर पहिली दहा पावलं सुधारतील, आणि रिसिव्हरला त्या दहा पावलांचाच उपयोग जास्त. आणि जो माणूस मुलाला घाबरवतो आणि त्याच दमात त्या भीतीचं औषध विकतो, त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करावा असं मला वाटतं.

उन्हाळ्यात 'सेव्हन ऑन सेव्हन' खेळू द्या. त्यात प्रत्येक बाजूला सातच जण, पाडापाडी नाही, नुसता पासिंगचा खेळ. रिसिव्हरला शिकण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. एका दुपारी जितके रूट खऱ्या कॉर्नरसमोर धावायला मिळतात तितके ज्युनियर व्हर्सिटीच्या अख्ख्या मोसमात मिळत नाहीत. एक सावधगिरी: तिथे ब्लॉकिंग, म्हणजे आपल्या गड्यासाठी समोरच्याला अंगाने अडवणं, नसतं. आणि संघात जागा मिळण्याचा सगळ्यांत दुर्लक्षित रस्ता ब्लॉकिंग हाच आहे. धावपटू चेंडू घेऊन बाहेरच्या बाजूने येतो तेव्हा समोरच्या कॉर्नरला दोन सेकंद अडवून धरणारा रिसिव्हर कोचच्या लक्षात राहतो. त्याला व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, आधी त्यासाठी घेतात, झेल मागाहून येतात. जेरी राइस सरावातसुद्धा प्रत्येक झेलानंतर थेट एंड झोनपर्यंत (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापर्यंत) पळत जायचा, हेही मुलाला सांगा. अशा सरावासाठी फोर्टी लागत नाही.

शाळेच्या कोचना एकदा भेटा, पण 'माझ्या मुलाला कधी खेळवणार' हे विचारू नका. त्या प्रश्नाने दार बंद होतं. 'पुढच्या मोसमापर्यंत त्याने नेमकं काय सुधारायचं, आणि ते सुधारलं हे तुम्हाला कशावरून कळेल?' असं विचारा. मुलाला बरोबर न्या. बोलायचं ते त्यानेच बोलावं, तुम्ही ऐका. 'वेग' असं उत्तर आलं तर प्रामाणिकपणे स्वीकारा आणि ट्रॅककडे वळा. मला वाटतं उत्तर दुसरंच येईल. हेही शक्य आहे की कोच म्हणतील, बाहेरच्या कडेला नको, त्याला आत स्लॉटमध्ये, म्हणजे कडेपेक्षा मैदानाच्या मध्याजवळच्या जागी, खेळवून बघू. तिथे मोकळी जागा आडवी मिळते, सरळ वेगापेक्षा चपळाई आणि वाचन लागतं. कपचा पुष्कळसा खेळ तिथलाच. कुणी ही बढती म्हणो की बदली, मुलाने ती आनंदाने घ्यावी.

मुलगा गप्प झाला आहे हे वाचून मात्र काळजी वाटली. त्याच्याशी बोला. त्याला खेळ सोडायचा आहे की त्या माणसाच्या बोलण्याने तो दुखावला आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडायचाच असेल तर सोडू द्या, त्यात पराभव काही नाही. दुखावला असेल तर त्याला सांगा की 2020 मध्ये जस्टिन जेफरसनच्या आधी चार रिसिव्हर निवडले गेले होते, आणि त्या चारातल्या एकाने फोर्टी 4.27 सेकंदांत धावली होती. दोनच वर्षांनी 1,809 यार्ड करून लीगमध्ये पहिला आला तो जेफरसन.

शेवटी तुमच्या पत्नीचं. त्यांच्या भीतीला 'आईचं काळीज' म्हणून बाजूला सारू नका. या सगळ्या पत्रात सर्वांत खरी काळजी तीच आहे. रिसिव्हर मधल्या भागात झेल घेतो तेव्हा त्याची नजर चेंडूवर असते आणि मार कुठून येईल ते त्याला दिसत नाही. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांचा मेंदूवर दूरगामी परिणाम होतो, हे संशोधनातून पुढे आलं आहे. चांगलं हेल्मेट कवटी वाचवतं, आत मेंदू हलायचा थांबवत नाही. हा धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. तो पत्करायचा की नाही हे तुम्ही तिघांनी बसून ठरवायचं आहे, आणि 'नाही' असं ठरलं तरी ते चूक नाही. सेव्हन ऑन सेव्हन आणि फ्लॅग फुटबॉल (यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात) खेळूनही हे सगळं कसब वापरता येतं. फ्लॅग फुटबॉल 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्येही आहे.

पत्करायचं ठरलं तर काही गोष्टी मोसमाच्या आधीच पक्क्या करा. वॉशिंग्टन राज्याने 2009 मध्ये पहिल्यांदा कायदा केला आणि आता सगळ्या राज्यांत आहे: कन्कशनचा (डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याचा) संशय आला की मुलाला मैदानाबाहेर काढायचं, आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. पण कायदा तेव्हाच लागू होतो जेव्हा कुणाच्या तरी लक्षात येतं. मुलं लपवतात, कारण जागा जाईल याची भीती असते. डोकं दुखणं, प्रकाश सहन न होणं, मळमळ, चिडचिड, वाचताना लक्ष न लागणं, एखादा डाव आठवतच नाही असं म्हणणं, ही लक्षणं तुम्ही दोघांनी पाठ करा. पहिला धक्का पुरता बरा होण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. त्यामुळे 'मला बरं वाटत नाही' असं घरी येऊन सांगितल्यावर कुणी रागावणार नाही, खेळाबद्दल कुणी एक शब्द काढणार नाही, हे त्याला आधीच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. तुम्ही स्वतः सांगा, आईवर सोडू नका. आणि ऑगस्टचा सराव सुरू होण्यापूर्वी शाळेच्या अॅथलेटिक ट्रेनरला भेटून विचारा, की मुलाची बेसलाइन चाचणी (मोसमाआधी, दुखापत नसताना घेतलेली मेंदूच्या कामाची तुलनेची चाचणी) झाली आहे का, नसेल तर कधी होणार, आणि सामन्यात दुखापत झाली तर बाहेर काढण्याचा शेवटचा शब्द कोचचा असतो की त्यांचा.